क्लोजिंग

"हे नवीन आहे का हो?" आईनं विचारलं.

डॉक्टरांचं पेन थांबलं. आईच्या दोन्ही गुडघ्यांची फिल्म अजून भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर लावलेली होती, हाडांमधली फट जवळजवळ मिटलेली. "एकदम लेटेस्ट, आजी," ते उत्साहानं म्हणाले. "सहा महिने झाले असतील येऊन. जुन्या गोळ्यांपेक्षा पुष्कळ बरी."

"मग जुनी द्या."

डॉक्टर हसले. आधी आईकडे बघून आणि मग माझ्याकडे बघून, म्हाताऱ्या माणसांना घेऊन आलेल्या मुलींकडे बघून हसतात तसं. आणि मीही हसले. 'तिचं मनावर घेऊ नका' अशा अर्थाचं, अर्धं, ओशाळं. त्यांनी ओळ खोडली, पॅरासिटामॉल लिहिलं, मांडीच्या व्यायामांचा कागद दिला आणि आम्ही बाहेर पडलो. घरी आल्यावर आईनं चहा टाकला, भाजी निवडायला घेतली. तिच्या लेखी विषय संपला होता. माझ्या डोक्यात मात्र ते हसू अडकून बसलं. आईचं बोलणं अडाणीपणाचं नव्हतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तरी मी डॉक्टरांच्या बाजूनं हसले होते.

आत जायच्या आधी आम्ही पाऊण तास बाहेर बसलो होतो. भिंतीवर नेहमीची पाटी: 'एम.आर. भेट, मंगळवार व शुक्रवार, दुपारी १ ते २'. त्या पाटीखाली तीन पोरं उभी, औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण एम.आर. पेशंटच्या खुर्चीवर बसत नाही. बाहेर मे महिना भाजत होता आणि त्यांच्या शर्टांची वरची बटणं लागलेली होती, टाय होते. दोन पायांच्या मध्ये बॅग. आई त्यांच्या चेहऱ्यांकडे बघतच नव्हती, ती बुटांकडे बघत होती. "तो डावीकडचा बघ," ती माझ्या कानाशी म्हणाली, "बाइकवरून आलाय, पँटीला धूळ आहे, पण बूट पुसलेत. वेगळा रुमाल असतो त्याला."

तो रुमाल तिनं सव्वीस वर्षं धुतला होता.

बाबा एम.आर. होते. हेडक्वार्टर पनवेल. पेण, खोपोली ही एक्स-स्टेशनं, सकाळी जाऊन रात्री परत. महिन्यातून एकदा माणगाव-महाड, तेव्हा दोन रात्री लॉजवर. त्यांची बॅग चामड्याची होती, कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या. उघडली की बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांचा तो कुबट-गोड वास घरभर पसरायचा. आमच्याकडे विकत आणलेलं पेन कधी नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात आकड्यांच्या मध्ये कफ सिरपचं नाव होतं, कॅलेंडरवर आतड्यांचं चित्र. कंपनीच्या सायकल मीटिंगहून नवीन व्हिज्युअल एड, म्हणजे डॉक्टरांना दाखवायची चित्रांची वही, आली, की रविवारी दुपारी गोदरेजच्या कपाटाच्या आरशासमोर तालीम चालायची. मी डॉक्टर व्हायचे. आजीची खुर्ची, समोर पाट उभा करून केलेलं टेबल. "डॉक्टरसाहेब, आपल्याकडे रोज अ‍ॅनिमियाच्या किती बायका येतात?" मी म्हणायचे, "पाच!" पेनाचं टोपण पानावर बरोबर त्या आकृतीवर टेकायचं, बोट कधीच नाही. बोट लावलं की पान झाकलं जातं, आणि ते असभ्यही दिसतं. एखादं पान ते पटकन उलटायचे. का, असं मी एकदा विचारलं. "तिथं डॉक्टर प्रश्न विचारतात," ते म्हणाले.

त्या सगळ्या वर्षांत एकच औषध असं आलं, की बाबांना तालीम करावी लागली नाही. रोफेकॉक्सिब. मी तेव्हा एफ.वाय.ला होते, २००१ साल. अमेरिकेत ते मर्क कंपनीनं १९९९च्या मे महिन्यात 'व्हायॉक्स' नावानं आणलं होतं. आपल्याकडे २००५पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, त्यामुळे इथल्या कंपन्यांनी ते आपापल्या नावानं लगोलग बाजारात उतरवलं. त्यातलीच एक बाबांची. जेवताना त्यांनी ते मला नळांवर समजावलं होतं. शरीरात दोन नळ आहेत असं धर. एकातून दुखणं आणि सूज येते, दुसऱ्यातून पोटाचं अस्तर जपणारं द्रव्य. जुन्या वेदनाशामक गोळ्या दोन्ही नळ बंद करतात, म्हणून गुडघा थांबतो आणि पोट जळतं. ही गोळी एकच नळ बंद करते. आमटीच्या वाटीत चमचा बुडवून त्यांनी वर बघितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत विक्रीचा आनंद नव्हता. आपण खरंच काहीतरी चांगलं घेऊन दारोदार फिरतोय, असा तो चेहरा होता. लोहाच्या टॉनिकबद्दल त्यांचा चेहरा असा कधी झाला नव्हता.

आजी पहिली गिऱ्हाईक. सॅम्पलच्या पट्ट्या घरातच होत्या. गुडघ्यांनी तिला दोन वर्षं घराबाहेर पडू दिलं नव्हतं, आणि जुन्या गोळ्यांनी एकदा काळी शी होऊन दवाखान्यात ठेवायची पाळी आली होती. नवी गोळी सुरू केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ती वडाळे तळ्यापर्यंत चालत गेली. परत आली ती पदरात गरम शेंगदाणे घेऊन. दारातच उभी राहून म्हणाली, "बाळ्या, तुझ्या कंपनीचं भलं होवो." बाबांनी पुढे तो किस्सा किती डॉक्टरांना सांगितला असेल देव जाणे. त्या वर्षी त्यांच्या एरियात ती गोळी सगळ्यांत जास्त खपली. बक्षीस म्हणून मिक्सर मिळाला. तो आजही आमच्या ओट्यावर आहे, भांडी दोनदा बदलली, मोटर तीच.

३० सप्टेंबर २००४ला मर्कनं व्हायॉक्स जगभरातून मागे घेतलं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, असं कारण दिलं. तोवर जगात आठ कोटींच्या आसपास लोकांनी ते घेतलं होतं. आपल्याकडे सरकारची बंदी आली ती डिसेंबरमध्ये. मधले अडीच महिने आमच्या घरात फार विचित्र गेले. एरिया मॅनेजरचा फोन आला होता, वरून काही कळलेलं नाही, तोवर डॉक्टरांकडचे कॉल चालू ठेवा. बाबांनी रोजच्या रिपोर्टात, म्हणजे डीसीआरमध्ये, दुसऱ्याच प्रॉडक्टची नावं भरायला सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी डीसीआर खोटा लिहिला. नंतर केमिस्टांकडून पट्ट्या परत गोळा करत फिरले. खोक्यांवर खोकी आमच्या व्हरांड्यात रचलेली, पावसाळा नुकता संपलेला, पुठ्ठ्याला ओल आलेली.

आजी मात्र भडकली. "एक गोळी धड होती, ती बंद केलीस!" तिला हृदयाचं सांगितलं तर म्हणाली, "माझं हृदय मला कळत नाही होय?" तिला काहीही झालं नाही. ती एक्क्याण्णव वर्षं जगली, आणि शेवटपर्यंत गुडघे चोळताना त्या गोळीची आठवण काढत राहिली. ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा कुणाला सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला इथे काहीतरी वाईट व्हायला हवं असतं. ते झालं नाही. ज्यांचं झालं ते कुणाच्या तरी दुसऱ्याच घरी झालं, आणि तिथेही कुणाला त्यामागे गोळी आहे असं वाटलं नसणार. साठ-सत्तरीच्या माणसाला झटका आला, याला आपण वय म्हणतो.

बाबांनी एक दिवस जुन्या वह्या काढल्या होत्या. पेण, खोपोली, महाड, कुठल्या केमिस्टकडे किती पट्ट्या. बेरीज करत होते. मी चहा घेऊन गेले तर वही मिटली. एवढंच म्हणाले, "आम्ही खोटं बोललो नाही गं. एकही वाक्य खोटं नव्हतं."

बाबा जाऊन आता सात वर्षं झाली. ते वाक्य मी इतकी वर्षं सफाई म्हणून ऐकत होते. दवाखान्यातल्या त्या हसण्यानंतर दोन-तीन रात्री झोप लागली नाही, तेव्हा माळ्यावरून बॅग खाली काढली. व्हिज्युअल एडच्या खाली एका लेखाची झेरॉक्स होती, घड्या पडलेली, कडेला बाबांच्या निळ्या शाईतल्या खुणा. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, नोव्हेंबर २०००. 'व्हिगर' नावाची चाचणी, संधिवाताचे आठ हजारांवर रुग्ण. अर्ध्यांना रोफेकॉक्सिब, अर्ध्यांना नॅप्रोक्सेन हे जुनं औषध. मी काही विज्ञानाची नाही, बँकेत आहे. पण आकड्यांचा कागद वाचता येतो. आणि अमेरिकेतल्या खटल्यांमुळे कंपनीच्या आतले कागद नंतर बाहेर आले, त्यावर लोकांनी रीतसर अभ्यास करून लिहिलं, ते आता कुणालाही घरी बसून वाचता येतं. मी वाचत गेले आणि बाबांचं वाक्य मला निराळं ऐकू यायला लागलं.

पोटाचे गंभीर त्रास नव्या औषधानं निम्म्यावर आले होते, हे खरंच होतं. आजीच्या पोटानं त्याची साक्ष दिली होती. हृदयाच्या झटक्यांची ओळही त्या लेखात होती, लपवलेली नव्हती. पण ती ओळ कशी लिहिली होती बघा: नॅप्रोक्सेन घेणाऱ्यांमध्ये झटक्यांचं प्रमाण कमी आढळलं, ०.१ टक्के, आणि दुसऱ्या गटात ०.४. वाक्याचा कर्ता जुनं औषध. म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं, की नॅप्रोक्सेन हृदयाला जपतं. नवी गोळी हृदयाला चौपट भारी पडते, हाच आकडा असाही वाचता आला असता. दोन्हींतलं खरं कुठलं, हे ठरवायला तिसरा गट लागतो, काहीच औषध न घेणारा. तो त्या चाचणीत नव्हता. बाबांच्या निळ्या शाईनं पोटाचा आलेख दोनदा अधोरेखित केला होता. हृदयाच्या ओळीपाशी एक छोटं प्रश्नचिन्ह होतं. ते तिथं कधी काढलं, विकताना की नंतर, हे विचारायला आता कुणी नाही.

आणि मग ती तारखांची गोष्ट.

हे समजायला एम.आर.च्या घरात जन्मावं लागतं. कंपनीचा महिना कॅलेंडरचा नसतो. आमच्याकडे तो पंचवीस तारखेला संपायचा, त्याला क्लोजिंग म्हणतात. टार्गेट गाठायचं ते क्लोजिंगच्या आत. पंचवीस तारीख जवळ आली की बाबांच्या घरी यायच्या वेळा बदलायच्या, आवाज बदलायचा, आई आम्हाला "आज काही मागू नका" म्हणायची. आकडा कमी पडत असेल तर स्टॉकिस्टच्या पाया पडून माल त्याच्या गोदामात ढकलायचा. कागदावर विक्री झाली. पुढच्या महिन्यात तोच माल हळूच परत. यात कुठलाही आकडा खोटा नसतो. चोवीस तारखेला गोदामात खोकी खरोखरच असतात. फक्त मोजायची वेळ आपण निवडलेली असते. मी तरी काय वेगळं करते? मार्च एंडला आमच्या शाखेत ओळखीच्या व्यापाऱ्यांना "साहेब, चार दिवस ठेवा" म्हणून ठेवी आणवलेल्या मी पाहिल्यात, त्यांच्या पावत्यांवर सह्याही केल्यात. एकतीस तारखेची ठेव एकतीस तारखेला खरीच असते.

व्हिगर चाचणीत पोटाचे त्रास मोजणं जिथपर्यंत चालू होतं, त्याच्या सुमारे महिनाभर आधी हृदयाचे झटके मोजणं बंद केलेलं होतं. एकाच चाचणीत दोन क्लोजिंग. त्या मधल्या दिवसांत रोफेकॉक्सिबच्या गटात आणखी तीन झटके आले, ते लेखात आले नाहीत. सतरा छापले गेले, होते वीस. समोरच्या गटात चार. त्या नियतकालिकानं यावर जाहीर नापसंती छापली ती २००५च्या डिसेंबरात, म्हणजे औषध बाजारातून जाऊन वर्ष उलटल्यावर. तोवर त्याच लेखाच्या नऊ लाखांवर पुनर्मुद्रित प्रती विकल्या गेल्या होत्या, बहुतेक कंपनीलाच. त्या विक्रीचे पैसे नियतकालिकाला मिळाले. आमच्या घरची झेरॉक्स म्हणजे त्या नऊ लाखांची गरीब नात. आपण गोळीची नक्कल केली असं म्हणतात. आपण तिच्याबरोबर आलेल्या खात्रीचीही नक्कल केली, आणि तीही मूळ कागद न उघडता.

रात्री दीड वाजता मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठले, तर आई जागी होती. मी तिला तारखांचं सांगितलं. ती ऐकत होती, गुडघ्यावर हात फिरवत. "म्हणजे क्लोजिंग आधी केलं," ती म्हणाली. मला तीन रात्री लागल्या होत्या ते समजायला.

त्या कागदांमध्ये आणखीही पुष्कळ आहे. 'अ‍ॅडव्हान्टेज' नावाची एक चाचणी, साडेपाच हजार रुग्ण, सहाशे डॉक्टर, आणि तिची आखणी विक्री विभागानं केलेली. हेतू हा, की त्या सहाशे डॉक्टरांना ही गोळी लिहायची सवय व्हावी. रुग्णांनी मात्र सह्या केल्या त्या विज्ञानाला मदत म्हणून. एका शोधनिबंधाचा कच्चा खर्डा सापडला, पूर्ण लिहून झालेला, आणि लेखकाच्या जागी 'बाहेरचा लेखक?' अशा अर्थाचे दोन शब्द आणि प्रश्नचिन्ह. घर बांधून झालं, आता पाटीवर नाव कुणाचं लावायचं ते बघू. ऑस्ट्रेलियात हाडांच्या आजारांवरचं एक नियतकालिक निघत होतं, एका मोठ्या वैद्यकीय प्रकाशकाच्या नावानं, कंपनीच्या पैशावर, दिसायला तंतोतंत खऱ्या संशोधनपत्रिकेसारखं. हे सगळं वाचताना राग येत होता. पण एका जागी राग आला नाही, तिथे मी नुसतीच बसून राहिले. विक्री प्रतिनिधींच्या प्रशिक्षणासाठी मर्कनं खेळायचे पत्ते केले होते, 'डॉजबॉल' नावाचा खेळ. प्रत्येक पत्त्यावर डॉक्टर विचारू शकेल असा एक अवघड प्रश्न, त्यात हृदयाच्या धोक्याचाही. आणि काही पत्त्यांवर फक्त एकच शब्द: चुकवा.

तालमीत मी डॉक्टर व्हायचे. "तिथं डॉक्टर प्रश्न विचारतात."

आता दुसरी गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पहिली अर्धी राहते. बाबांच्या टूरमध्ये महाड होतं, मी म्हणाले ना. त्या भागात लाल विंचू चावला की घरात रडारड सुरू व्हायची. भातकापणीत, दगड उचलताना, रात्री अंथरुणात. माझ्या आजोळी माणसं विंचवाबद्दल हलक्या आवाजात बोलायची. हातपाय गार पडायचे, घामानं अंग निथळायचं, छातीत पाणी भरून तोंडाला फेस. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर या पेशंटांच्या उशाशी रात्र-रात्र बसून नोंदी करायचे. त्यांच्या लक्षात आलं, की विष हृदयाला कसं वेठीला धरतं, आणि रक्तदाबासाठी आधीच बाजारात असलेली प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी तिथे कामाला येते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं त्यावरचं टिपण १९८६ला छापून आलं. शंभर गंभीर पेशंटांतले तीसच्या आसपास दगावायचे, तिथे ते प्रमाण एक ते तीनवर आलं. प्रयोगशाळा नाही, निधी नाही, कंपनी तर नाहीच. विंचू ज्यांना चावतो त्यांच्या पायांत चप्पल नसते, त्यांची बाजारपेठ होत नाही. बाबांच्या सव्वीस वर्षांच्या बॅगेत विंचवावरचं एकही पान कधी आलं नाही. कुणी छापावं ते?

मला नफ्याचं खरं भय इथे वाटतं. मोजणी चोरली जाते ती कधीतरी सापडते, खटले होतात, २००७मध्ये मर्कनं हजारो दावे मिटवायला ४८५ कोटी डॉलर मोजले. पण जो प्रश्न विचारण्यात कुणाचाच फायदा नाही, तो विचारलाच जात नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचा खटला कुठल्या कोर्टात चालवायचा? त्यासाठी कुणीतरी बिरवाडीत रात्रभर जागावं लागतं, स्वतःच्या पगारात.

इथपर्यंत आले की माझं मलाच वाटायला लागतं, की आपण फार सोपं करतोय. कारण रोफेकॉक्सिबचं सत्य बाहेर आलं कसं, तर कंपनीच्याच चाचणीतून. आतड्यातल्या गाठी परत होऊ नयेत म्हणून ही गोळी चालेल का, म्हणजे आणखी एक बाजारपेठ मिळेल का, हे बघायला अडीच हजारांवर लोकांची चाचणी चालू होती. त्यात अर्ध्या लोकांना नुसतीच पोकळ, औषध नसलेली गोळी होती. तो हरवलेला तिसरा गट अखेर तिथे सापडला. धोका जवळजवळ दुप्पट दिसला आणि चाचणी थांबवावी लागली. लोभानंच दिवा लावला आणि लोभच त्यात दिसला. बावस्करांना कुणी अडीच हजार माणसांची चाचणी तीन वर्षं चालवायला पैसे दिले नसते. बाबांच्या हृदयात जी जाळी बसवली होती, जिनं त्यांना आणखी आठ वर्षं दिली, तीही कुणीतरी नफ्यासाठीच बनवलेली. माझी कॉलेजची फी, तो मिक्सर, आईच्या हातातल्या दोन पाटल्या. आमच्या घराला त्या क्लोजिंगचा वास आहेच. मी हात धुऊन लांब उभी राहू शकत नाही.

आणि ते डॉक्टर? त्यांची नवी गोळी वाईट असेल असं मला मुळीच म्हणायचं नाही. कदाचित ती खरोखर बरी असेल. आता नियम पुष्कळ झालेत. २००९पासून भारतात औषधाची चाचणी सुरू करायच्या आधी तिची सरकारी नोंद करावी लागते, म्हणजे काय मोजणार हे आधीच सांगून ठेवायचं. डॉक्टरांना भेटवस्तू घ्यायला मनाई आहे. २०२२मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की असल्या भेटींचा खर्च कंपन्यांना आयकरात वजा दाखवता येणार नाही. आमच्या भिंतीवरच्या घड्याळासारखी घड्याळं आता दवाखान्यांतून दिसत नाहीत. पण आईला पानभर नियम वाचायचे नसतात. तिचा हिशेब तिनं स्वतः बांधलाय: जे औषध तीस-चाळीस वर्षं लोकांनी खाल्लं, त्याचं क्लोजिंग कधीच होऊन गेलंय. त्याच्यातलं जे वाईट, ते एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. नव्याचं अजून गोदामात आहे.

हे तिनं मला असं उलगडून सांगितलेलं नाही. तिनं फक्त एवढंच विचारलं, "त्या दिवशी तू का हसलीस?"

मी काही बोलले नाही. मिक्सर चालू होता, तिनं खोबऱ्याची चटणी काढली.

परवा पुन्हा गेलो होतो, दाखवायला. गुडघे तसेच आहेत, पण व्यायामानं जिना थोडा सोपा झालाय असं ती म्हणते. शुक्रवार होता, एकचा सुमार. पाटीखाली तोच डावीकडचा पोरगा, या वेळी एकटा.

"बस रे, खुर्ची रिकामी आहे," आई त्याला म्हणाली.

"नको आजी, सर बघतील."

"हेडक्वार्टर पनवेलच का?"

तो चमकला. पेशंटनं हा शब्द वापरलेला त्यानं पहिल्यांदाच ऐकला असावा. "हो. तुम्हाला कसं...?"

"क्लोजिंग कधी आहे?"

"उद्याच." मग हसू आवरत म्हणाला, "पुष्कळ बाकी आहे अजून."

तेवढ्यात आतून बेल वाजली. त्यानं खिशातून रुमाल काढून बुटांवरून फिरवला, टाय दाबला आणि आत गेला. दार पूर्ण लागलं नाही. आता पानं उलटायची नसतात, टॅबलेटवरची काच सरकवायची असते, त्यामुळे आवाज फक्त त्याचाच येत होता. एका दमात, घोटलेला. "सर, आपल्याकडे रोज गुडघेदुखीचे साधारण किती पेशंट..." आई मान किंचित कलती करून ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं तर तिचे ओठ अगदी बारीक हलत होते, पुढचं वाक्य त्याच्याआधी.

"घसा बसलाय त्याचा," ती म्हणाली. "सकाळपासूनचा सातवा-आठवा कॉल असेल."